तुरुंगावर संशोधन करायचंय? आधी रिमांड कोर्टात बसा

समाजकार्याच्या एम.ए.ला प्रबंधासाठी मी कच्च्या कैद्यांचा, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत असलेल्यांचा, विषय घेतला. पहिल्या मुलाखतीत माझा पहिलाच प्रश्न होता, "काय गुन्हा केलात?" समोरचा माणूस गप्पच झाला. चोरीचा आरोप होता, खटला सुरूही झाला नव्हता, आणि मी त्याला दोषी ठरवून मोकळी झाले होते! पुढे मी विचारू लागले, "आत येण्याआधीचं वर्ष कसं गेलं?" मग सुटलेलं काम, तुटलेलं घर, गावाकडचं कर्ज, सगळं हळूहळू बाहेर यायचं.

२०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे. हा आकडा एवढा का, ते मला मुलाकातीच्या रांगेत कळलं. तिथे एक मावशी भेटल्या. मुलाला पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊन चार महिने झाले होते. पिशवीत रेशनकार्ड, आधार, जुनी भाडेपावती, सगळं प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं. नव्हता तो फक्त ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार. "ताई, ज्याचं स्वतःचं घर आहे, तो आमच्यासाठी कशाला सही करंल?"

तुरुंगात जायची परवानगी यायला महिने लागतात. तोवर रिमांड कोर्टात बसा, म्हणजे अटक झालेल्याला कोठडीत ठेवायचं की नाही हे जिथे ठरतं तिथे. आरोपीला वकील आहे का, त्याला बोलू दिलं का, जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडलं का, हे टिपून ठेवा. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ नीट वाचा. आधी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं. पण एकाहून जास्त खटले चालू असतील तर ही सवलत नाही. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांनाही नाही. पारधी वस्तीत गेलात की 'एकाहून जास्त'चा अर्थ कळेल. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ला तो रद्द झाला, तरी आसपास चोरी झाली की पोलीस आधी तिथेच येतात. अशा माणसाच्या नावावर खटले साचत जातात, ते मोजताना हा इतिहास सोडू नका.

जामीन मिळून महिनाभरात बाँड भरता आला नाही, तर कोर्टाने अट सैल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये सांगितलंय. मावशी भेटल्या तेव्हा मला यातलं काहीच सांगता आलं नव्हतं. आता मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असतो.