आठवीच्या नव्या मुलांचे ताई-दादा होताना

महापालिकेच्या शाळेतून सातवी करून मी चेंबूरच्या एका हायस्कूलमध्ये आठवीला आले, तेव्हा पहिले दहा-बारा दिवस मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभं राहून खायचे. हातात खिचडीची ताटली आणि कुणाशेजारी बसायचं ते कळायचं नाही. बाकीच्या मुली पाचवीपासून एकत्र. त्या वाईट नव्हत्या, त्यांना मी दिसतच नव्हते. पुढच्या वर्षी बाईंनी नववीतल्या मुलांना आठवीच्या नव्या मुलांचे सोबती नेमायचं ठरवलं आणि मी लगेच नाव दिलं. नववी-दहावी दोन्ही वर्षं ते काम केलं. आता बारावीत असले तरी जूनमध्ये दोन-तीन शनिवार शाळेत जाते. यंदा जे पहिल्यांदा ताई-दादा होणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

जोड्या लावताना मार्क बघू नका, घरचा रस्ता बघा. पहिल्या वर्षी आम्ही हुशार मुलाला कच्चा मुलगा जोडून दिला आणि महिन्याभरात निम्म्या जोड्या मोडल्या. दुसऱ्या वर्षी मानखुर्दच्या पुनर्वसनाच्या इमारतींतून येणारी मुलं मानखुर्दच्याच दादाकडे दिली, माहुलची माहुलच्या ताईकडे. स्टेशनपर्यंत चालताना मुलं जे बोलतात ते वर्गात समोर बसवून विचारलं तर कधीच सांगत नाहीत. शिवाय जुलैत धो धो पाऊस लागून हार्बर लोकल बंद पडते, शाळा लवकर सुटते, तेव्हा नव्या मुलाला कुणाबरोबर घरी जायचं हा प्रश्न पडत नाही.

सगळ्यात जास्त मुलं अडतात ती सेमी इंग्रजीत. सातवीपर्यंत सगळं मराठीत शिकलेलं असतं आणि आठवीत गणित-विज्ञान एकदम इंग्रजीत येतं. मुलाला गणित येत असतं, पण फळ्यावर काय विचारलंय तेच कळत नाही. आमच्या वर्गात एक मुलगी लसावि तोंडी काढायची आणि ‘एलसीएम’ म्हटलं की मान खाली घालायची. आम्ही शंभर पानी वही केली. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी. त्रिज्या म्हणजे रेडियस, कर्ण म्हणजे हायपोटेन्यूज, वर्गमूळ म्हणजे स्क्वेअर रूट. विज्ञानात ‘बेस’ म्हणजे आम्लारी आणि भूमितीत ‘बेस’ म्हणजे पाया, अशा जागा लाल पेनाने लिहिल्या. रोज पाचच शब्द, तेही नव्या मुलाच्या हाताने. तुम्ही लिहून दिलेली वही कुणी उघडत नाही. हे आधी करा, बाकी शिकवणी नंतर.

बोलण्यावरून हसणं ही दुसरी गोष्ट, आणि ती मला अजून लागते. एका मुलाने वर्गात ‘पानी’ म्हटलं आणि मागचे दोन बाक हसले. त्यानंतर तो दिवाळीपर्यंत वर्गात एक शब्द बोलला नाही. अशा वेळी त्याचे उच्चार सुधारायला जाऊ नका. हसणाऱ्यांपैकी जो पुढे असेल त्याला एकट्याला गाठून शांतपणे सांगा. चारचौघांत सुनावलं तर नव्या मुलाच्या वाट्याला आणखी त्रास येतो.

मधल्या सुट्टीचं एक सांगते. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच मिळते, नववीपासून डबा. आठवीतही काही मुलं घरचा डबा आणतात आणि खिचडी घेणारी आपोआप वेगळी बसतात. कुणी तसं सांगितलेलं नसतं, तरी होतं. मी माझा डबा घेऊन खिचडीवाल्या ओळीत बसायला लागले. आठवडाभरात माझ्या दोन मैत्रिणी आल्या, मग आठवीतल्या डबेवाल्या मुलीही.

माझी चूकही सांगायला हवी. पहिल्याच दिवशी मी माझ्या वाट्याच्या मुलीला विचारलं, ‘तुझे बाबा काय करतात?’ तिचे वडील घर सोडून गेले होते. ती काही बोलली नाही, पण नंतर तीन आठवडे मला टाळत राहिली. घरचं काही विचारू नका. शाळेत कशी येतेस, कुठला तास आवडतो, एवढं पुरतं. महापालिकेच्या शाळेत दप्तर, गणवेश, वह्या धरून 27 वस्तू फुकट मिळतात, इथे तसं नसतं. त्यामुळे ‘अजून बूट का नाही आणलेस?’ हा प्रश्नसुद्धा घरचाच प्रश्न आहे.

एखादं मूल तोंडी झकास सांगतं आणि वाचताना अक्षराअक्षराला अडतं, असं दिसलं तर त्याला आळशी म्हणू नका. वर्गशिक्षकांना सांगा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जाणं, हेही येतं. सायन किंवा नायर रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिकही. पण त्यासाठी बऱ्याच फेऱ्या माराव्या लागतात, पालकांचा खाडा पडतो. आठवीत लक्षात आलं तर हातात दोन वर्षं असतात, दहावीच्या डिसेंबरात आलं तर धावाधाव होते. मुलाला नेमकं काय आहे ते ठरवायचं काम मात्र आपलं नाही. काय दिसलं तेवढंच सांगायचं.

आणि पहिल्याच भेटीत एक गोष्ट स्पष्ट बोला: ‘तू सांगशील ते मी कुणाला सांगणार नाही. पण कुणी तुला मारत असेल, नको तसा हात लावत असेल किंवा तुला जगणं नकोसं झालं असेल, तर मी बाईंना सांगणारच.’ हे आधी बोललेलं असलं की नंतर विश्वासघात वाटत नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. असं काही कळलं तर त्याच दिवशी सांगा, सोमवारवर ढकलू नका. तुम्हीही चौदा-पंधरा वर्षांचे आहात, हे ओझं एकट्याने उचलायचं नाही.

जूनमध्ये सगळ्यांचाच उत्साह असतो. खरी मुलं गळतात ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. कुणी गावी गेलेलं परत येत नाही, कुणी घरच्या कामाला लागतं. शाळा उघडली की पहिल्या दिवशी आपलं मूल वर्गात आलंय का ते जाऊन बघा. नसेल तर दुसऱ्या दिवशी बाईंना सांगून, कुणाला तरी बरोबर घेऊन त्याच्या घरी जा. रस्ता तुमचाच आहे.