छोट्या सी प्रोग्राममध्ये कमांड-लाइन ऑप्शन कसे वाचावेत

छोटा सी प्रोग्राम बहुधा ऑप्शनशिवायच जन्माला येतो. फाइल उघडायची, ओळी वाचायच्या, काहीतरी छापायचं, झालं. मग एके दिवशी वाटतं की आकडे १ ऐवजी १०० पासून सुरू झाले तर बरं, म्हणून कोडमधला आकडा बदलून पुन्हा कंपाइल करतो. तिसऱ्यांदा तेच करताना स्वतःचीच लाज वाटते आणि घाईघाईत एक इफ-एल्सची माळ जोडली जाते. माझे असे तीन-चार प्रोग्राम अजून चालू आहेत. त्यांतला एकही मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. ऑप्शन नीट दिले तर ते नीट चालतात, चुकीचे दिले तर मुकाट्याने गिळून भलतंच काम करतात. ऑप्शन वाचणं हे निम्मंच काम. चुकीचं काही आलं की तिथेच थांबायचं आणि काय चुकलं ते सांगायचं, हे उरलेलं निम्मं, आणि सगळा वेळ त्यातच जातो.

उदाहरणासाठी ‘ओळक्रम’ नावाचा प्रोग्राम घेऊ. तो फाइलमधल्या ओळींना क्रमांक देतो. ‘-बी’ दिलं तर रिकाम्या ओळींना क्रमांक नाही, ‘-एस’ पुढे सुरुवातीचा आकडा, ‘-ओ’ पुढे आउटपुटची फाइल, ‘-एच’ म्हणजे मदत. ही अक्षरं मी उच्चारानुसार देवनागरीत लिहितो आहे, कीबोर्डवर ती रोमनच दाबायची. त्यामागे नुसती सवय नाही. पुढे येणारं गेटऑप्ट, म्हणजे ऑप्शन वाचून देणारं तयार फंक्शन, एका बाइटला एक ऑप्शन मानतं, आणि यूटीएफ-८ मध्ये ‘ब’ हे अक्षर ३ बाइट घेतं. खरोखरच ‘-ब’ टाइप केलंत तर त्याला एकापाठोपाठ तीन अनोळखी ऑप्शन दिसतात.

पायरी १: आधी वापराची ओळ लिहा

कोडला हात लावण्याआधी ही एक ओळ कागदावर उतरवा:

वापर: ओळक्रम [-बी] [-एस आकडा] [-ओ फाइल] [फाइल ...]

चौकटी कंसातलं ऐच्छिक, तीन टिंबं म्हणजे ‘असे कितीही’. हीच ओळ पुढे मदतीत छापायची आहे. ती लिहिताना अडखळलात तर ऑप्शनांची मांडणीच कुठेतरी फसली आहे असं समजा. अक्षरं शक्यतो लोकांच्या हातात बसलेली घ्यावीत: आउटपुटला ओ, मदतीला एच. ‘व्ही’बद्दल मात्र एकमत नाही. कुठे ते बडबड वाढवतं, कुठे आवृत्ती सांगतं, आणि ओळी शोधणाऱ्या ग्रेपमध्ये तर जुळणीच उलटी करतं. मोठं ‘डब्ल्यू’ पॉझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाने, विक्रेत्यांसाठी राखून ठेवलं आहे, ते वापरू नका.

पायरी २: मेनला नेमकं काय मिळतं

मेन फंक्शनला दोन गोष्टी मिळतात. आर्गसी म्हणजे तुकडे किती, आणि आर्गव्ही म्हणजे त्या तुकड्यांकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरांचा अ‍ॅरे. ‘ओळक्रम -बी -एस १०० नोंदी’ अशी कमांड दिली तर आर्गसी ५ असतो. शून्याव्या जागी प्रोग्रामचं नाव, चौथ्या जागी ‘नोंदी’ आणि पाचव्या जागी नल पॉइंटर.

आपल्यापर्यंत काही पोचण्याआधी कमांड वाचणाऱ्या शेलने बरंच काम उरकलेलं असतं. अवतरणचिन्हं काढलेली असतात आणि तारांकनाच्या जागी फाइलींची नावं भरलेली असतात. त्यामुळे ‘-बी’ हे कुणी टाइप केलं की त्या नावाची फाइल तारांकनातून आली, हे प्रोग्रामला कळायला काहीच मार्ग नसतो. हा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

स्ट्रकम्प लावून स्वतः तुलना करायचा मोह इथेच होतो. पण वापरणाऱ्याला ‘-बी -एस १००’, ‘-बीएस १००’, ‘-एस१०० -बी’ आणि ‘-बीएस१००’ ही चारही रूपं चालायला हवी असतात, कारण इतर प्रोग्रामांत ती चालतात. ती सगळी हाताने सांभाळायला बसलात तर शेवटी गेटऑप्टच पुन्हा लिहून होतं, जरा वाईट.

पायरी ३: गेटऑप्टचा लूप

गेटऑप्ट युनिक्समध्ये जुनंच आहे. एटी अँड टीने १९८५ साली डॅलसच्या युनिफोरम परिषदेत त्याचा सोर्स सर्वांसाठी खुला केला, आणि आज ते पॉझिक्सचा भाग आहे. ‘यूनिस्टड.एच’ हे हेडर घ्या की ते मिळतं.

त्याला तीन गोष्टी द्यायच्या: आर्गसी, आर्गव्ही आणि ऑप्शनांची स्ट्रिंग. आपली स्ट्रिंग अशी: सर्वांत आधी कोलन, मग बी, मग एच, मग ओ आणि त्याला चिकटून कोलन, मग एस आणि त्याला चिकटून कोलन. अक्षरामागचा कोलन सांगतो की या ऑप्शनला पुढे काहीतरी लागतं. सगळ्यात पहिला कोलन वेगळ्या कामाचा. त्याने गेटऑप्टचे स्वतःचे इंग्रजी संदेश बंद होतात आणि आपल्याला हवे ते संदेश आपण देऊ शकतो.

आता व्हाइल लूप. दर फेरीला गेटऑप्ट बोलवा, त्याचं उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, आणि ते उणे १ होईपर्यंत फिरत राहा. नेमण्याच्या भागाला स्वतःचा कंस हवाच. नाहीतर आधी तुलना होते आणि व्हेरिएबलमध्ये अक्षराऐवजी ० किंवा १ जाऊन बसतो.

ते व्हेरिएबल इंट प्रकारचं ठेवा, कॅर नको. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती पकडायला एक अख्खी संध्याकाळ गेली, कारण माझ्या मशीनवर सगळं सुरळीत चालत होतं. एआरएमवरच्या लिनक्समध्ये कॅर चिन्हविरहित असतो. तिथे उणे १ चा २५५ होतो, तो उणे १ शी कधीच जुळत नाही आणि लूप थांबायचं नाव घेत नाही.

लूपच्या आत एक स्विच. ‘बी’ आलं की झेंडा १ करा. ‘ओ’ आलं की ऑप्टआर्ग या जागतिक पॉइंटरमध्ये फाइलचं नाव मिळतं, तो पॉइंटर तसाच ठेवून घ्या. नावाची प्रत काढायची गरज नाही, कारण ते आर्गव्हीतच राहतं आणि प्रोग्राम संपेपर्यंत तिथेच असतं. फ्री तर अजिबात करायचं नाही.

आउटपुटची फाइल मात्र या लूपमध्ये उघडू नका. लिहिण्यासाठी उघडताक्षणी जुनी फाइल रिकामी होते. पुढचाच ऑप्शन चुकीचा निघाला तर आपण शिस्तीत संदेश देऊन बाहेर पडू, पण तोवर माणसाची फाइल पुसली गेलेली असेल. लूपमध्ये फक्त नोंद घ्यायची. सगळे ऑप्शन तपासून झाल्यावरच जगात काही बदलायचं.

चुकांसाठी दोन केस लागतात. ऑप्शन अनोळखी असेल तर उत्तर म्हणून प्रश्नचिन्ह येतं, पुढचं मूल्यच नसेल तर कोलन. दोन्ही वेळा दोषी अक्षर ऑप्टऑप्टमध्ये सापडतं. संदेशात आधी प्रोग्रामचं नाव, मग ते अक्षर आणि तक्रार, खाली वापराची ओळ. हे सगळं एसटीडीएररवर (चुकांच्या संदेशांसाठीचा वेगळा मार्ग) छापा आणि एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना शेलला कळवायचा आकडा) २ देऊन बाहेर पडा. ग्रेप ‘जुळणी सापडली नाही’ यासाठी १ आणि चुकीसाठी २ देतं, तोच पायंडा इथे सोयीचा पडतो. ‘-एच’चं मात्र उलट. मदत मागून घेतली आहे, ती चूक नव्हे, म्हणून ती एसटीडीआउटवर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटवर, जाते आणि कोड ० असतो. असं केलं नाही तर लांबलचक मदत पाइपमधून पानापानाने वाचायला गेलेल्याला रिकामा पडदा दिसतो.

एक चकवा. ‘-एस -बी’ असं दिलं तर गेटऑप्ट तक्रार करत नाही. एसला मूल्य हवं होतं, पुढचा तुकडा ‘-बी’ होता, तोच त्याने मूल्य म्हणून उचलला. कोलनची केस घडतच नाही. तेव्हा दुसरा पहारा आपल्यालाच बसवावा लागतो.

पायरी ४: आकडा खरंच आकडा आहे का

अ‍ॅटॉय विसरा. ते स्ट्रिंगचा आकडा करतं, पण त्याला ‘शंभर’ दिलं तर ० मिळतो, ‘१२केळी’ दिलं तर १२, आणि दोन्ही वेळा चुकीचा मागमूस नाही. इंटमध्ये न मावणारा आकडा दिला तर काय होईल याची सीचं मानक हमीच देत नाही.

त्याऐवजी तेच काम करणारं स्ट्रटॉल वापरा. बोलवण्याआधी एरनो (चूक नोंदवणारं व्हेरिएबल) शून्य करा, शेवट दाखवणारा पॉइंटर द्या आणि पाया १० ठेवा. पाया ० ठेवला तर ‘०१०’ हा अष्टमान समजून त्याचा ८ होतो, आणि शून्यं लावून आकडे लिहिणारा माणूस चक्रावतो. नंतर तीन प्रश्न विचारा. शेवटचा पॉइंटर सुरुवातीलाच अडकला आहे का? असेल तर एकही अंक नव्हता. पॉइंटर जिथे थांबला तिथे स्ट्रिंग संपते का? नसेल तर मागे कचरा आहे. एरनोमध्ये ई-रेंज आलं का? आलं तर आकडा मावला नाही. या तिन्हींतून सुटलेल्या आकड्याला आपली मर्यादा लावा. स्ट्रटॉल उणे चिन्ह बिनतक्रार घेतं, आणि आपल्याला ओळींना उणे क्रमांक द्यायचे नसावेत.

मगाचचा ‘-एस -बी’ इथे पहिल्याच प्रश्नाला अडकतो. खऱ्या देवनागरी अंकांत कुणी १०० टाइप केलं तर तेही इथेच अडकतं, कारण स्ट्रटॉलला ते अंक कळत नाहीत. संदेश तरी मिळतो. अ‍ॅटॉयने तर गपचूप ० पासून मोजायला घेतलं असतं.

‘-ओ’ला असा पहारा नाही. ‘-ओ -बी’ दिलं तर ‘-बी’ नावाची फाइल तयार होते. डॅशने सुरू होणारं नाव नाकारावं का? मी नाकारत नाही, कारण ते वैध नाव आहे.

पायरी ५: उरलेल्या फाइली

लूप संपला की ऑप्टइंडमध्ये पहिल्या उरलेल्या तुकड्याचा क्रमांक असतो. तिथपासून आर्गसीच्या आधीपर्यंतच्या सगळ्या इनपुटच्या फाइली. ऑप्टइंड आणि आर्गसी सारखेच असतील तर फाइल दिलेली नाही, एसटीडीइन (कीबोर्ड किंवा पाइपमधून येणारं इनपुट) वाचा. नुसता एकटा ‘-’ आला तर गेटऑप्ट त्याला ऑप्शन मानत नाही. त्याचा अर्थ एसटीडीइन घेण्याची रूढी आहे, पण ती तुलना आपण करायची. दोन डॅशचं ‘--’ म्हणजे ऑप्शन संपले, इथून पुढे सगळी नावं. ते गेटऑप्टच सांभाळतं.

‘ओळक्रम नोंदी -बी’ ही कमांड लिनक्सवर चालते, कारण ग्नूचं गेटऑप्ट तुकड्यांची अदलाबदल करून ऑप्शन पुढे आणतं. मॅकओएस आणि बीएसडीवर ते पहिल्या नावापाशीच थांबतं आणि ‘-बी’ ही फाइल शोधली जाते. लिनक्सवरही पहिल्या नावापाशीच थांबायला हवं असेल तर स्ट्रिंगच्या अगदी सुरुवातीला, कोलनच्याही आधी, अधिक चिन्ह घाला. ग्नू मग अदलाबदल करत नाही.

पायरी ६: कंपाइल

सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून कंपाइल करा. लिनक्सवर सी११ चं कडक मानक मागितलंत तर ‘ऑप्टआर्ग माहीत नाही’ अशी तक्रार येते, हेडर घेतलेलं असूनही. कडक मानकात पॉझिक्सची नावं लपवली जातात. ग्नू११ मागा, नाहीतर पहिल्या इन्क्लूडच्या वर पॉझिक्स-सी-सोर्सचा मॅक्रो २००८०९ या मूल्याने लावा. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत गेटऑप्ट मिळतच नाही, तिथे एखादी खुली आवृत्ती प्रोजेक्टमध्ये घालावी लागते.

लांब ऑप्शन हवे असतील तर

ऑप्शन पाच-सहाच्या वर गेले की अक्षरं लक्षात राहत नाहीत. तेव्हा ‘गेटऑप्ट.एच’मधलं गेटऑप्ट-लाँग घ्या. त्याला स्ट्रक्टचा एक तक्ता द्यायचा: नाव, मूल्य लागतं का, झेंड्याचा पॉइंटर आणि परत द्यायचं अक्षर. शेवटची ओळ सगळी शून्यांची, ती विसरलात तर फंक्शन तक्त्याच्या बाहेर भटकतं. झेंडा नल ठेवून लहान ऑप्शनचंच अक्षर परत दिलं की स्विचमध्ये काही बदलावं लागत नाही.

इथली तुलना स्ट्रिंगची असल्यामुळे ‘--सुरुवात=’ असा देवनागरी लांब ऑप्शन खरंच चालतो. सोर्स फाइल आणि टर्मिनल दोन्ही यूटीएफ-८ मध्ये हवीत. मी गंमत म्हणून करून पाहिलं. रोजच्या वापरात मात्र कीबोर्ड बदलण्याचा कंटाळा येतो.

पायरी ७: छळून बघा

बरोबर कमांड चालते हे तुम्ही आधीच पाहिलेलं असणार. आता ‘-एस’ एकटाच द्या, ‘-झेड’ द्या, ‘-एस’ला रिकामी स्ट्रिंग द्या, वीस अंकी आकडा द्या. दर वेळी डॉलर-प्रश्नचिन्ह हे शेलचं व्हेरिएबल छापून एक्झिट कोड पाहा. मग ‘-बी’ नावाची फाइल तयार करा आणि त्या फोल्डरमध्ये ‘ओळक्रम *’ चालवा. ती फाइल ऑप्शन म्हणून वाचली जाईल. यात प्रोग्रामचा दोष नाही, शेलने त्याला तेच दिलं. ‘ओळक्रम -- *’ किंवा ‘ओळक्रम ./*’ दिल्यावर ती फाइल म्हणून वाचली गेली पाहिजे.

आणि एक: ‘-ओ’ला आधीपासून मजकूर असलेली फाइल द्या आणि त्याच कमांडमध्ये पुढे ‘-एस केळी’ लिहा. संदेश आला, कोड २ मिळाला आणि जुनी फाइल जशीच्या तशी राहिली, तर प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती द्यायला हरकत नाही.