परदेशी पोपट घरी आणण्यापूर्वी तपासावयाची कागदपत्रे

आफ्रिकन ग्रे, मकाव किंवा सन कॉन्यूर घेताना बहुतेकांचे लक्ष किमतीकडे आणि पक्षी बोलतो का याकडे असते. कायदा मात्र आधी प्रजाती पाहतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून शास्त्रीय नाव बिलावर लिहून घ्यावे. दुकानात शेजारी बसलेल्या दोन लव्हबर्डनासुद्धा वेगवेगळे नियम लागू होतात, कारण पीच-फेस्ड लव्हबर्ड साइट्स या वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतून वगळलेला आहे आणि फिशर्स लव्हबर्ड त्या यादीत आहे. बजरीगर आणि कॉकॅटिएल यांनाही ही सूट आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्समधील प्रजाती अनुसूची ४ मध्ये आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्याची नोंदणी तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावर करावी लागते. नुसते बिल पुरेसे नाही. आधीच्या मालकाची नोंद आणि हस्तांतरणाचा कागद मागावा. पक्षी थेट परदेशातून आणला असल्यास आयात परवान्याची आणि साइट्स परवान्याची प्रत हवी. यापैकी काहीच न देता ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पायातील कडेही पाहावे: सलग, बिनजोड कडे पिल्लू अगदी लहान असतानाच चढवता येते, त्यामुळे ते पक्षी पिंजऱ्यातच जन्मल्याची खूण असते; कापून जोडलेले कडे दिसल्यास शंका घ्यावी. कड्यावरचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि तो वाचता येईल असे छायाचित्र ठेवावे. पुढे पक्षी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो दगावला, तर तेही कळवावे लागते.

संकरित प्राण्यांच्या बाबतीत वंशावळ महत्त्वाची ठरते. बंगाल मांजरात वाघाटी (लेपर्ड कॅट) या रानमांजराचे आणि सव्हाना मांजरात सर्व्हल या आफ्रिकी रानमांजराचे रक्त असते; मागील चार पिढ्यांत असा वन्य पूर्वज आढळल्यास साइट्सचे नियम त्या मांजरालाही लागू होतात.

आपला देशी पोपट साइट्समधून वगळलेला असला, तरी त्या सवलतीचा येथे उपयोग नाही, कारण भारतीय कायद्याने तो संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. तारा कासव पकडणे, विकणे आणि पाळणे हाही गुन्हाच. यांची विक्री चाललेली दिसल्यास महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.