संपाच्या दिवसांत पॅरिसहून रेंस

रेल्वेचा संप आणि रस्त्यावरची निदर्शने सुरू झाली की पॅरिसला आलेले बरेच प्रवासी शहराबाहेर जाण्याचा बेतच सोडून देतात. ईशान्य फ्रान्समधील रेंस शहराच्या बाबतीत मात्र अशी घाई करू नये. पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकातून सुटणारी थेट टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान रेल्वेगाडी, साधारण पाऊण तासात रेंसच्या मध्यवर्ती स्थानकात पोहोचवते आणि तिथून कॅथेड्रल, म्हणजे शहराचे मुख्य चर्च, पायी पंधरा मिनिटांवर असल्यामुळे शहरातली ट्राम बंद असली तरी फारसे अडत नाही. काही गाड्या शहराबाहेरच्या शांपेन-आर्देन स्थानकावर थांबतात. संपाच्या दिवशी त्या टाळाव्यात.

गाड्या चालवण्यासाठी अत्यावश्यक असलेल्या कर्मचाऱ्यांना संपातील सहभाग ४८ तास आधी कळवावा लागतो, त्यामुळे कोणत्या गाड्या धावणार हे आदल्या दिवशी स्पष्ट होते. जायचे की नाही, हे त्याच संध्याकाळी ठरवावे, आणि ठरवताना आधी परतीची गाडी पाहावी. शेवटच्या गाडीवर विसंबू नये. तिच्या आधीची पकडावी. मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा, सामानावर नावाची चिठ्ठी लावावी आणि पिशवी क्षणभरही बेवारस सोडू नये, कारण तेवढ्यावरून स्थानकाचा भाग रिकामा केला जाऊ शकतो. बंदुकधारी सैनिकांची गस्त दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. ती तिथल्या नेहमीच्या बंदोबस्ताचा भाग आहे. मोर्चा समोर आला तर मात्र बघत न थांबता बाजूच्या गल्लीने निघावे.

वेळ कमी असेल तर इतर सर्व सोडून कॅथेड्रललाच तो द्यावा. १२११ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या या वास्तूत फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक होत. १४२९ मध्ये सातव्या चार्ल्सला राज्याभिषेकासाठी फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्कने इथेच आणले. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफगोळ्यांमुळे उत्तरेकडील मनोऱ्याभोवतीच्या लाकडी परांचीने पेट घेतला, छपराचे शिसे वितळून दगडी पन्हाळींच्या तोंडांतून वाहिले आणि दर्शनी भागातील हसऱ्या देवदूताचे डोके तुटून पडले. डाव्या हाताच्या दरवाजापाशी थांबून तो चेहरा निरखावा. तो १९२६ मध्ये पुन्हा बसवण्यात आला. आत पूर्वेकडच्या टोकाला चित्रकार मार्क शागालच्या निळ्या चित्रकाचा आहेत, त्या दुपारपूर्वी पाहाव्यात.

शांपेन या फेसाळ मद्याच्या तळघरांना भेट द्यायची असल्यास आगाऊ नोंदणी करावी आणि थंडी असते म्हणून स्वेटर न्यावा. पहिल्या महायुद्धात नागरिकांनी या तळघरांत आसरा घेतला होता, मुलांच्या शाळाही तिथे भरल्या होत्या. एवढे ठाऊक असेल तर त्या भुयारांतून चालताना शहराने काय सोसले ते जाणवते. नाहीतर ती केवळ मद्याची कोठारे वाटतात.

शरणागतीचे संग्रहालय शेवटी ठेवावे, कारण ते स्थानकाजवळच आहे. ते ज्या लाल विटांच्या शाळेत आहे, तिथे ७ मे १९४५ च्या पहाटे जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या आणि त्या खोलीच्या भिंतींवर तेव्हाचे युद्धनकाशे अजून आहेत. आत जाण्यापूर्वी परतीच्या गाडीची वेळ एकदा पुन्हा तपासावी. ती रद्द झालेली दिसल्यास संग्रहालय सोडून थेट स्थानक गाठावे.