छोटा खाऱ्या पाण्याचा टँक लावताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात खाऱ्या पाण्याचे टँक लावणारे वाढलेत याचा मला मनापासून आनंद आहे, पण प्रत्येक नवीन माणूस त्याच चार-पाच चुका करतो आणि त्यात मुके जीव मरतात, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो. बहुतेक जण गोड्या पाण्यातून येतात, घरी फ्लॉवरहॉर्न नाहीतर गोल्डफिश पाळलेला असतो, आणि वाटतं की सगळं तसंच असणार, फक्त पाण्यात मीठ घालायचं. आणि सगळ्यांचा क्रम उलटा असतो, आधी मासा पसंत करायचा, मग त्याला मावेल अशी टाकी शोधायची, आणि पाण्याचा विचार मासे आजारी पडल्यावर.

लहान टाकी म्हणजे सोपी टाकी असं समजणं

१ फुटी क्यूब दिसायला भारी दिसतो पण त्यात २८ लिटर पाणी, वाळू आणि रॉक टाकले की त्याहून कमी. एक गोगलगाय दगडामागे मेली आणि दिसली नाही तरी अमोनिया (कुजण्यातून तयार होणारं विष) चढतो. नवीन माणसाने २ फूट लांब, दीड रुंद, दीड उंच यापेक्षा लहान टाकी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, सगळं टाकून त्यात साधारण १०० लिटर पाणी उरतं आणि तेवढ्यात चूक झाली तरी सुधारायला वेळ मिळतो.

कमी झालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी ओतणं

ही चूक मी सगळ्यात जास्त बघितलीय आणि हिच्यावर मी कितीही बोलू शकतो. पाणी उडून जातं, मीठ उडून जात नाही, ते टाकीतच राहतं. म्हणजे रोज जेवढं पाणी कमी होतं तेवढं फक्त गोडं, स्वच्छ आरओचं पाणी घालायचं. एवढंच आहे. पण लोकांना वाटतं समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच पाणी घालायला पाहिजे.

राजारामपुरीत माझा मावसभाऊ राहतो, त्याने असाच २ फुटी टँक लावला होता, क्लाउन माशांची जोडी, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), थोड्या गोगलगायी. मे महिना, वरती फॅन चालू, कारण पाणी ३१ अंशांच्या पुढे जायला लागलेलं. मला फोन, "दादा, श्रिंप मेला, आणि मासे वर येऊन तोंड मारायलेत, लवकर ये की." गेलो. गोगलगायी सगळ्या दार बंद करून तळाला पडलेल्या, काचेवर एकही नाही, आणि काचेच्या वरच्या कडेला मिठाचा पांढरा थर. विचारलं पाणी काय घालतोस? म्हणाला "मिठाचंच की, रोज न चुकता दोन लिटर." मीटर दाखव म्हटलं तर त्याने तो प्लॅस्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून मीठ सांगणारा) आणला आणि त्यावर १.०२४, म्हणजे एकदम ठीक. तो उजेडात धरून बघितला तर काट्यावर मीठ साचलेलं, त्या वजनाने काटा खाली बसत होता आणि रीडिंग कमी दाखवत होता. माझा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून मीठ मोजणारा) लावला तर ४२ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ४२ भाग मीठ! समुद्रात असतं ३५ च्या आसपास.

हिशोब करा म्हणजे कळेल. १०० लिटर पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमने साडेतीन किलो मीठ असतं. रोज दोन लिटर मिठाचं पाणी वरून ओतलं तर रोज ७० ग्रॅम मीठ जास्तीचं, दहा दिवसांत ७०० ग्रॅम, म्हणजे साडेतीन किलोचे चार किलो दोनशे, आणि ३५ चे ४२. बरोबर तेच झालं होतं. त्याला वाटलं आता एकदम गोडं पाणी ओतून टाकू, तेही करू दिलं नाही, रोज थोडं खारं पाणी काढून तेवढं आरओचं घालत चार दिवसांत खाली आणलं, कारण उरलेल्या गोगलगायींना एकदम फरक सोसत नाही. क्लाउन वाचले.

माझी सवय सांगतो. काचेला बाहेरून पाण्याच्या पातळीवर इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी लावायची आणि सकाळी चहाच्या आधी त्या पट्टीपर्यंत आरओचं पाणी घालायचं. रविवारी रिफ्रॅक्टोमीटरने बघायचं, आणि तो मीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन लिक्विडने अधूनमधून सेट करायचा. ऑटो टॉप-अप (पातळी उतरली की आपोआप पाणी घालणारा) लावला तर उत्तमच, पण त्याचा कॅन ५ लिटरचाच ठेवा, सेन्सर अडकला तर अख्खा २० लिटरचा कॅन टाकीत आणि नंतर हॉलमध्ये येतो.

पाणी कुठलं

घरातला पिण्याचा आरओ चालेल का हा प्रश्न रोज येतो. त्यात बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर नाहीतर मिनरलची काडतूस असते, चव यावी म्हणून मुद्दाम क्षार परत मिसळतात, त्यामुळे मीटरवर ५०-१०० दिसतं. आपल्याला शून्य पाहिजे. मेंब्रेनमधून थेट वेगळी लाईन काढून पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) लावा, नाहीतर तपकिरी आणि हिरवं शेवाळ काढत बसाल.

आणि रत्नागिरीहून कॅन भरून पाणी आणणारे. आंबा घाट उतरून जायचं, किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून कॅन भरायचे. किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं, खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात त्यातला खारटपणा पार उतरलेला असतो, बंदराजवळ डिझेल. त्यात सोबत दगड आणि कोरलही उचलून आणतात. हार्ड कोरल आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, ते उचलणं गुन्हा आहे, कुणी विकत असेल तरी घेऊ नका. ॲक्वेरियमचं चांगलं मरीन सॉल्ट घ्या, विषय संपला.

सायकल न होता मासे सोडणं

टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया तयार होणं म्हणजे सायकल, त्याला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतल्या बॅक्टेरियाने वेळ कमी होतो हे खरं, पण टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय मासा नाही. "दुकानदार म्हणाला डॅमसेल टाकून सायकल करा" हे ऐकलं की मला राग येतो. डॅमसेल हा छोटा मासा, एक तर त्या जिवाला विनाकारण छळायचं, आणि तो जगला तर नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला कोपऱ्यात दाबून मारतो, आणि रॉकमधून तो पकडायचा म्हणजे सगळी मांडणी मोडायची.

मासे निवडताना

ब्लू टँग. पोरांनी कार्टूनमध्ये बघितलेला असतो, दुकानात दोन इंचाचा गोड दिसतो, म्हणून घेतात. तो फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहणारा मासा आहे, २ फुटी टाकीत त्याला वळायला जागा नाही. "मोठा झाला की मोठी टाकी घेऊ" असं म्हणणाऱ्यांनी खरंच मोठी टाकी घेतलेली मी फार कमी बघितली. मँडरिन दिसायला सगळ्यात देखणा, पण तो दिवसभर रॉकवरचे बारीक कोपेपॉड (कवचाचे सूक्ष्म जीव) टिपून खातो, नव्या छोट्या टाकीत ते संपतात आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत वाळत जातो, पोट आत गेलेलं दिसतं. क्लीनर रासही असाच उपाशी वाळतो, त्याचं खाणं म्हणजे दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी. क्लाउनला ॲनिमोन (दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा प्राणी) लागतोच असं नाही, आणि ॲनिमोन नव्या टाकीत जगत नाही, मेला तर सगळं पाणी नासवतो.

मी १०० लिटरला काय सांगतो? टँक-ब्रीड (टाकीतच जन्मलेल्या) क्लाउनची जोडी, एक गोबी, जमलं तर एक फायरफिश, बास. हे सुद्धा एकदम नाही, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ देत. फायरफिश उडी मारतो, वरती जाळी पाहिजेच. दुकानात मासा तुमच्यासमोर खातोय का ते बघा, खात नसेल तर कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका.

मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पिशवीत मासा मागवला असेल तर तीन-तीन तास थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो म्हणून आतला अमोनिया फारसा बाधत नाही, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी पंधरा मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, विकणाऱ्याला त्याच्या पाण्याची सॅलिनिटी (खारटपणा) आधीच विचारा, क्वारंटाइनची टाकी (नवा मासा आधी वेगळा ठेवायची) तेवढ्यावर ठेवा, आणि मासा जाळीने लगेच त्यात. पिशवीचं पाणी बेसिनमध्ये. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले तर कॉपरचं (तांब्याचं) औषध त्या वेगळ्या टाकीतच, मेन टाकीत घातलं तर श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळं जाईल.

सामान

पैसे रिफ्रॅक्टोमीटर आणि वेव्हमेकरवर (टाकीतलं पाणी फिरवत ठेवणारा पंप) घाला. १०० लिटरला दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत असाल तर सुरुवातीला स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) नसला तरी चालतं, बदलणार नसाल तर स्किमरही वाचवणार नाही. कोल्हापुरात हीटर कशाला असं विचारतात, डिसेंबरच्या रात्री पाणी किती उतरतं ते थर्मामीटर लावून बघा. पाणी बदलताना हीटर बंद करायचा, गरम काच उघडी पडली की तडकते. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यायची म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात जात नाही, आणि अर्थिंग तपासून घ्या.

पावसाळ्यात लाईट चार-चार तास जाते तेव्हा आधी ऑक्सिजन संपतो, तापमानाची चिंता नंतरची. बॅटरीवरचा एअर पंप घरात असलाच पाहिजे, आणि इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर टाका, तो पाच-दहा वॅटच घेतो. दिवे बंद राहिले तरी चालतील.