मामा तलावातला कटला आणि वैनगंगेचा मासा : गळ टाकण्याच्या दोन रीती

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गळाने मासे धरणाऱ्याला दोन निराळ्या प्रकारचे पाणी मिळते. एक मामा तलावाचे, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या) तलावाचे, ज्यात मच्छीमार संस्था पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले, सोडतात. आणि दुसरे वैनगंगा, चुलबंद, बावनथडी या नद्यांचे, जिथे मासा स्वतःचे खाद्य स्वतः शोधून वाढतो. दोन्हीकडे तीच काठी, तेच आमिष आणि तीच बैठक घेऊन जाणारा माणूस एका ठिकाणाहून हमखास रिकाम्या हाताने परततो, आणि बहुतेक वेळा ते ठिकाण नदीच असते.

तलावात मासा सोडावा का लागतो, हे आधी समजून घ्यावे. कटला, रोहू आणि मृगल हे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते, पसरलेले पाणी लागते. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज, म्हणजे इवली पिल्ले, नद्यांतून गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन यशस्वी केले आणि तेव्हापासून हे बीज हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, तयार होऊ लागले. जिथे संस्था धानाचा कोंडा आणि ढेप टाकते, तिथल्या माशाला ठरावीक जागी, ठरावीक वेळी, पाण्यात विरघळणारे अन्न मिळण्याची सवय लागलेली असते. गळ टाकणाऱ्याने याच सवयीचा उपयोग करून घ्यायचा आहे.

त्याआधी परवानगी. तलाव संस्थेने ठेक्याने घेतलेला असतो आणि त्यातला मासा ढिवर या मासेमार समाजाच्या कुटुंबांच्या वर्षभराच्या मेहनतीचा असतो. विचारल्याशिवाय गळ टाकणे ही चोरी आहे; विचारले, तर बहुधा ठरलेला दर देऊन दिवसभर बसू देतात. नवेगाव-नागझिरा, ताडोबा आणि पेंच या व्याघ्र प्रकल्पांतील पाण्याकडे मात्र काठी घेऊन फिरकूही नये.

तलावासाठी आमिष घरीच करावे. दोन वाट्या धानाचा कोंडा मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजावा, त्यात एक वाटी भुईमुगाची भिजवलेली ढेप आणि बांधणीपुरती कणीक घालून घट्ट मळावे. मोसमात उकडलेली चार-सहा मोहफुले कुस्करून घातली, तर गोडसर आंबूस वास येतो. गोळा बरोबर झाला की नाही, हे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसूनच तपासता येते : गुडघ्याच्या उंचीवरून पडला तरी फुटू नये, पण काठाच्या उथळ पाण्यात ठेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या कडा सुटून धुरासारखा ढग पसरावा. हा ढगच कटल्यासाठी महत्त्वाचा असतो, कारण त्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. दगडासारखा घट्ट गोळा त्याच्या उपयोगाचा नाही. मोहाच्या टोळीची, म्हणजे बियांची, ढेप मात्र कधीही वापरू नये. तिच्यातले सॅपोनिन हे द्रव्य माशांना विषारी असते, आणि मत्स्यशेतीत नको असलेले मासे मारण्यासाठी तीच ढेप टाकतात.

गळ टाकण्याच्या आदले दोन दिवस, त्याच वेळी, त्याच जागी, या मिश्रणाचे मूठभर गोळे टाकून ठेवावेत. तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दरवाजाजवळ, बहुधा पाणी खोल असते आणि जागा चांगली मिळते. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ०.३५ मिलिमीटर जाडीची पुरते. गरी, म्हणजे आमिष लावायचा आकडा, सहा किंवा चार नंबरची घ्यावी. तरंगण्यासाठी ज्वारीच्या वाळलेल्या धांड्यातले भेंड बाजारातल्या बुचापेक्षा मला अधिक आवडते, कारण ते हलके असते आणि बारीकशी हालचालही दाखवते.

कटला मधल्या किंवा वरच्या थरात फिरत असल्यामुळे त्याच्यासाठी गरी तळापासून बरीच वर ठेवावी. तो अन्न पाण्यासकट ओढून घेतो, त्यामुळे भेंड नुसते थरथरते; ही थरथर वाऱ्याची समजून अनेक जण सोडून देतात. मृगल तळाशी चरतो. त्याने आमिष उचलले की शिशाचा भार हलका होतो आणि उभे भेंड पाण्यावर आडवे पडते. असे आडवे पडताच झटका द्यावा, बुडण्याची वाट पाहू नये. रोहूच्या बाबतीत भेंड दोन-तीनदा टिचकी मारल्यासारखे हलते आणि मग तिरपे होऊन सरकत जाते; झटका त्या सरकण्याला द्यायचा.

मोठा मासा लागल्यावर जी चूक होते, ती माझ्या हातून पहिल्याच मोठ्या कटल्याला झाली. तो तलावाच्या मध्याकडे सुटला आणि मी घाबरून रील दाबून धरले. शेजारी जाळे शिवत बसलेले एक म्हातारे ढिवर काकाजी ओरडले, "भाऊ, तंगूस सोडा, धरून नोका ठेवू!" ते मला ऐकू येईपर्यंत तंगूस तुटली होती. रीलचा ब्रेक तंगूस तुटण्याच्या बराच आधी सुटेल इतका सैल ठेवावा, काठी वर धरावी आणि पहिली धाव पूर्ण होऊ द्यावी. कटल्याच्या तोंडाचा भाग मऊ असल्यामुळे जोर केला की गरी फाडून निघते. काठाजवळ आल्यावर त्याला तंगुशीने उचलू नये, हातजाळी खाली घालावी.

वेळेचेही भान ठेवावे. शेवाळाने हिरव्या झालेल्या तलावात रात्रभरात प्राणवायू कमी होतो, म्हणून पहाटे मासे पाण्यावर तोंड काढताना दिसतात. ते दृश्य पाहून नवखा माणूस खूश होतो, पण ते मासे खात नसतात, श्वास घेण्यासाठी धडपडत असतात. ऊन चढू द्यावे.

नदीवर यातले बरेचसे उलटे करावे लागते. वाहत्या पाण्यात कोंड्याचा ढग क्षणात धुऊन जातो आणि चारा टाकून मासा बोलावण्याचा प्रयत्न वाया जातो; म्हणून नदीत आपण माशाच्या जागेपर्यंत जायचे असते. खळाळ संपून डोह सुरू होतो ती रेघ, मोठ्या दगडामागचे संथ पाणी, आणि पाण्यावर झुकलेल्या उंबराखालची जागा आधी पाहावी. उंबराची पिकली फळे टपटप पडत असतील, तर आमिष म्हणून तेच फळ लावावे. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, त्यामुळे खालून वरच्या दिशेने, सावली पाण्यावर न पाडता, पाऊल न आपटता जावे. गरी थोडी वर टाकून आमिष प्रवाहाबरोबर सहज वाहत येऊ द्यावे. तंगूस ताणलेली राहिली, तर आमिष अनैसर्गिक रीतीने अडते आणि मासा त्याला तोंड लावत नाही. गांडूळ किंवा झिंगा ही इथली खरी आमिषे होत. गोसीखुर्द धरणाच्या खालच्या पात्रात दरवाजे उघडल्यावर पाणी झपाट्याने चढते, म्हणून मधल्या खडकावर जाऊन बसू नये.

पुरात तलावाचा सांडवा वाहू लागला, की सोडलेले रोहू नाल्यातून नदीत उतरतात. असा रोहू नदीत दोन पावसाळे काढतो, तेव्हा त्याची ढेपेची ओढ उरत नाही आणि त्याला नदीच्याच रीतीने धरावे लागते. कोणती रीत वापरायची, हे माशाच्या जातीवर ठरत नाही, तो काय खाऊन वाढला त्यावर ठरते.

मरळ या सगळ्यांहून वेगळी आहे, आणि ती नदीइतकीच बोडीतही, म्हणजे लहान तळ्यातही, भेटते. तिला हवेतला श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती ठरावीक वेळाने वर येऊन हवेचा घोट घेते. त्या बुडबुड्यांच्या थोडे पुढे रबरी बेडूक टाकावा. खरा बेडूक वापरू नये. मरळीने आमिष धरले, की तत्काळ झटका न देता क्षणभर थांबावे, अन्यथा बेडूक नुसता तोंडातून निसटतो. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा फिरताना दिसला, तर त्याच्या खालीच आई-बाप राखण करीत असतात आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतात. त्या वेळी मरळ धरणे अगदी सोपे असते, आणि नेमके म्हणूनच तिथे गळ टाकू नये. राखणदार गेला, की तो थवा इतर मासे संपवतात. आषाढ-श्रावणात नाल्याने वर जाणारे चढणीचे मासेही सोडून द्यावेत. काठीचे सामान त्या दोन महिन्यांत तेल लावून माळ्यावर ठेवावे आणि तंगूस उन्हात राहू देऊ नये, ती ठिसूळ होते.