नवी एटीसी यंत्रणा बसवताय? कंट्रोलरला शेवटी विचारण्याची चूक टाळा

हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, म्हणजे एटीसीच्या, रडार रूममध्ये उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरची नजर पडद्यावर, कान हेडसेटमध्ये. पडदा जरा उजळ करायचा तर हात न बघताच बाजूच्या गोल नॉबकडे जातो. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने १९९६ मध्ये विमानतळांभोवतीच्या हवाई क्षेत्रासाठी ‘स्टार्स’ ही नवी यंत्रणा मागवली, तेव्हा हे नॉब गेले आणि मेनू व टाइप करायच्या कमांड आल्या. पडद्यावर उघडणाऱ्या खिडक्याही अपारदर्शक होत्या. म्हणजे खिडकी उघडली की तिच्यामागची विमानं झाकली जाणार!

हे कंट्रोलर आणि तंत्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं, पण तोवर कंत्राट होऊन गेलं होतं. १९९८ च्या अखेरीस सुरू व्हायची यंत्रणा फिलाडेल्फियासारख्या मोठ्या ठिकाणी यायला २००२ उजाडलं. उशिराला इतरही कारणं होती, पण तयार मालात नंतर फेरफार करत बसणं हे त्यातलं मोठं.

चूक: बैठकीला चुकीचा माणूस बोलावणं

दहा वर्षांपूर्वी माइक सोडून ऑफिसात गेलेले साहेब म्हणजे कंट्रोलरचे प्रतिनिधी नव्हेत. आजही शिफ्ट करणारी माणसं हवीत, तीही टॉवर (धावपट्टी आणि आसपास), अप्रोच (विमानतळाजवळ येणारी-जाणारी विमानं) आणि एरिया (उंचावरून पुढे जाणारी विमानं) अशा तिन्ही कामांतली. त्यांच्या जागी ड्युटीला कोण बसणार याची सोय आधी लावा. नाहीतर ज्याला रोस्टरमधून सोडणं सोपं, तोच दरवेळी येतो.

आणखी एक. कंट्रोलर सांगतो ते सगळं ब्रह्मवाक्य नसतं. दोघांना विचारलं तर तीन मतं मिळतात, आणि जुन्या यंत्रणेची सवय हीच गरज वाटू लागते. म्हणून नुसतं विचारू नका. गर्दीच्या वेळी त्याच्या मागे उभं राहून हात कुठे जातो, मान कधी वळते ते बघा.

चूक: ‘हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे’ म्हणणं

ब्रिटनचं स्वानविक इथलं हवाई नियंत्रण केंद्र जानेवारी २००२ मध्ये सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत पडद्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत अशा तक्रारी आल्या. ग्लासगोचा कोड ईजीपीएफ, कार्डिफचा ईजीएफएफ. मधल्या एका अक्षराचा फरक. बारीक अक्षरांत एक विमानतळ दुसऱ्यासारखा वाचला गेला. फ्लाइट लेव्हल (शेकडो फुटांत सांगितलेली उंची) ३०० आणि ३६० यांचीही तीच गत. कागदावर हा फॉन्टचा किरकोळ मुद्दा असेल, पण दोन्ही लेव्हलमध्ये सहा हजार फुटांचं अंतर आहे.

उपाय साधा आहे. खऱ्या कन्सोलवर, खऱ्या अंतरावरून, खोलीतल्या खऱ्या उजेडात वाचून बघायचं, आणि तेही शिफ्टच्या शेवटच्या तासात, डोळे थकलेले असताना. कॉन्फरन्स रूमच्या प्रोजेक्टरवर सगळंच छान दिसतं.

चूक: कागदी स्ट्रिप म्हणजे नुसती माहिती समजणं

स्ट्रिप म्हणजे एकेका विमानासाठीची कागदी पट्टी. तिच्यावर कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), मार्ग, उंची असते. ती संगणकात भरली की काम झालं, असं वाटतं. पण कंट्रोलर स्ट्रिप रॅकमधून थोडी तिरकी बाहेर काढून ठेवतो, तेव्हा ‘इथे अजून काहीतरी बाकी आहे’ ही ती त्याची स्वतःला दिलेली आठवण असते. टॉवरमध्ये स्ट्रिप दुसऱ्याच्या हातात दिली की त्या विमानाची जबाबदारीही दिली जाते. शेजारचा कंट्रोलर एक शब्द न विचारता रॅककडे बघून काम किती साचलंय ते ओळखतो. इलेक्ट्रॉनिक स्ट्रिप आणताना या तिरकेपणाला जागा ठेवली का, ते आधी तपासा.

चूक: अलार्मचा त्रास अलार्म बंद करून मिटवणं

प्रशांत महासागरातल्या गुआम बेटाच्या रडारवरची कमी उंचीचा इशारा देणारी यंत्रणा सारखे खोटे इशारे देत होती, म्हणून ती विमानतळाभोवतीच्या जवळपास सगळ्या टापूत मुद्दाम दाबून टाकली होती. ६ ऑगस्ट १९९७ ला मध्यरात्र उलटल्यावर कोरियन एअरचं विमान धावपट्टीच्या अलीकडे टेकडीवर आदळलं. २२८ जण गेले. मुख्य चुका कॉकपिटमधल्या होत्या, पण दाबलेला इशारा हेही एक कारण म्हणून तपास अहवालात नोंदलं गेलं. इशारा कधी खोटा ठरतो हे रोज तो ऐकणाऱ्यालाच ठाऊक असतं. त्याच्यासोबत बसून मर्यादा ठरवा आणि काही बंद केलंच तर ते पडद्यावर ठळक दिसू द्या.

चूक: शहाण्यासारखं वागणाऱ्या माणसावर चाचणी घेणं

१२ डिसेंबर २०१४ ला स्वानविकमध्ये एक कंट्रोलर काम संपवून उठत होता. साइन-ऑफ करायच्या ऐवजी त्याचं कन्सोल चुकून ‘वॉचिंग मोड’मध्ये (नुसतं बघण्याच्या स्थितीत) गेलं. एवढ्यावर सर्व्हर बंद पडला आणि पाठोपाठ त्याचा बॅकअप सर्व्हरही, कारण दोघांत तोच दोष होता. यंत्रणेची मर्यादा १९३ जागांची होती, पण कोडमध्ये एका ठिकाणी १५१ धरले होते आणि त्या दिवशी वापरात होत्या १५३. चुकीची बटणं मुद्दाम दाबून बघा, सगळ्या जागा भरून बघा. जोडीला, बॅकअपमध्ये तेच सॉफ्टवेअर असेल तर त्याला बॅकअप म्हणू नका.

यंत्रणा सुरू झाल्यावर महिन्याभराने कन्सोलवरून एक फेरी मारा. पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, खिशातली छोटी वही, पेनाने हातावर लिहिलेले आकडे दिसले तर कुणाला रागावू नका. ते कागद गोळा करा आणि नव्या यंत्रणेत काय राहून गेलंय त्याची यादी त्यांवरूनच करा.